टायवाल्याला प्रश्न विचारा

हा अंक हातात पडेल तेव्हा बारावीचा निकाल लागलेला असेल. पनवेल स्टेशनाबाहेर कॉलेजांचे बोर्ड झळकतील, कुठल्यातरी एसी हॉलात ॲडमिशनचा मेळावा भरेल. टाय लावलेली पोरं तुम्हाला ‘सर’ म्हणतील. आपल्या बापजाद्यांना कुणी सर म्हटलं नव्हतं, म्हणून लगेच पाघळायचं नाही.

दोस्तांनो, जा. जरूर जा. शिक्षणाचा बाजार झालाय म्हणून घरी बसा, असं मी सांगणार नाही. ती मिजास तीन पिढ्यांच्या डिग्र्या भिंतीवर टांगलेल्यांना परवडते. मी मॅट्रिक. न्हावा-शेव्याला कंटेनरवर लॅशिंगचं काम करतो. आमच्याकडे डब्याचा रंग बघून कुणी सही ठोकत नाही. नंबर बघतात, सील बघतात, कागद बघतात. स्टॉलही तसाच बघायचा.

हा बाजार आभाळातून पडला नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं आणि कितीतरी साखरसम्राट शिक्षणसम्राट झाले. त्याच्या कितीतरी आधी, १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात असताना आपल्या पोरांची मॅट्रिकोत्तर स्कॉलरशिप सुरू झाली. ती कुणाची खैरात नाही. पण स्टॉलवर ती कशी बुडते ते बघा.

ही सीट कॅप राऊंडची की मॅनेजमेंट कोट्याची? हा पहिला प्रश्न. मॅनेजमेंट कोट्यातून घुसलात की स्कॉलरशिप गेली, आणि टायवाला हे आपणहून सांगत नाही. बी.ए., बी.कॉम.ला जाणार असाल तर तुकडी अनुदानित की विनाअनुदानित ते विचारा. एकाच इमारतीत, एकाच नावाखाली दोन्ही असतात, फीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. इंजिनिअरिंगची फी २०१५ च्या कायद्यानं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. तो आकडा मागा, आणि त्यावर ‘इतर’ म्हणून जे लावतात ते कशाचे तेही. तोंडी काही नको. ब्रोशरच्या मागं लिहून सही घ्या. टाळाटाळ केली तर पुढचा स्टॉल.

आमच्या चाळीतल्या एका पोरीला ‘आजच बुकिंग करा, उद्या सीट नाही’ म्हणत एका कॉलेजानं ओरिजिनल दाखले ठेवून घेतले. ओरिजिनल ठेवून घ्यायचे नाहीत, असं २०१८ सालीच यूजीसीनं बजावलंय. पोरगी ते पत्र छापून घेऊन गेली. मुकाट्यानं दिले परत. तेव्हा मेळाव्याला फक्त झेरॉक्स न्यायच्या.

आणि व्हॅलिडिटी! हे खरं जनावर. कळंबोली, कामोठे, तळोज्यात आपली कितीतरी घरं मराठवाड्या-विदर्भातून पोटासाठी आलेली. जातीचा दाखला मूळ गावच्या प्रांताकडून काढायचा आणि पुरावा १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा दाखवायचा. आज्याला वर्गात बसू दिलं नाही, आणि आता त्याच आज्याच्या शाळेच्या नोंदीवर नातवाची सीट अडलेली! हसावं की दगड उचलावा? दगड नंतर. आधी एसटी पकडा. शाळेत नाव नसेल तर कोतवाल बुकात जन्म-मृत्यूची नोंद शोधा, जुने महसुली कागद शोधा. वतनाच्या ज्या कागदांनी आपल्याला गावकीला जुंपलं, तेच आता कामाला येतील. याला महिनोन् महिने जातात. ज्यांची भावंडं अकरावीत आहेत त्यांनी आजच लागावं.

मेळाव्याच्या दिवशी आपण पाच-सहा जण हॉलच्या बाहेर टेबल टाकून बसणार आहोत. आत जाण्याआधी कागद दाखवा, बाहेर आल्यावर ब्रोशर दाखवा. आईबापाला बरोबर आणा, वाचता येत नसलं तरी आणा; पैसे त्यांच्याच घामाचे जाणार आहेत. माझी सकाळपाळी असली तर मी तीननंतर सापडेन.