षट्कर्णी

गोष्ट दोघांत राहिली तर ते गुपित. तिसऱ्याच्या कानी गेली की ती षट्कर्णी झाली, असे आपले वाडवडील म्हणत. मानसोपचाराचा सारा व्यवहार या दोघांच्या विश्वासावर उभा आहे. आपल्या समाजात मानसोपचारतज्ज्ञाचा जिना चढताना कोणी पाहील काय, याचीच धास्ती आजाराहून मोठी असते. म्हणून मोबाइलच्या पडद्यावर समुपदेशक भेटू लागला, तेव्हा अनेकांस हायसे वाटले. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलिमानस ही सेवा सुरू केली, तिचेही आम्ही स्वागतच करतो. परंतु खासगी ॲपवरील संभाषणात आता तिसरा कान येऊन बसला आहे. तो म्हणजे मधली कंपनी.

हा तिसरा कान असावध असला तर काय अनर्थ होतो, हे फिनलंडने पाहिले आहे. तेथील वास्तामो या संस्थेच्या दवाखान्यांत रुग्ण समोरासमोर बसूनच बोलले होते. टिपणे मात्र संगणकात होती, आणि ती धड कुलुपातही नव्हती. तेहतीस हजारांवर रुग्णांची टिपणे चोरीस गेली. संस्था खंडणी देईना, तेव्हा ऑक्टोबर २०२० मध्ये चोराने मोर्चा थेट रुग्णांकडे वळविला. चोवीस तासांत दोनशे युरो भरा, नंतर पाचशे. न भरल्यास तुमचे अंतरंग चव्हाट्यावर! आरोपीस एप्रिल २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने सव्वासहा वर्षांची शिक्षा सुनावली. संस्थेसही सहा लाख आठ हजार युरोंचा दंड झाला. पण तो डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे संस्थेचे दिवाळे निघाल्यावर. घर जळाल्यानंतर बंब आला, तसेच हे झाले.

तेथे निदान चोर तरी बाहेरचा होता. अमेरिकेत बेटरहेल्प या कंपनीने ग्राहकांचे ईमेल पत्ते व प्रश्नावलीतील माहिती फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्यांना जाहिरातीसाठी पुरविली, असा ठपका तेथील व्यापार आयोगाने २०२३ साली ठेवला. आरोप मान्य न करताही कंपनीस अठ्ठ्याहत्तर लाख डॉलर मोजावे लागले, आणि ते ग्राहकांस परत करावयाचे होते, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानी ठेवावी.

कारण आपल्याकडे नेमके येथेच घोडे पेंड खाते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आणि तो संगणकीय माहितीसही लागू केला. पण कलम मुख्यतः उपचार करणाऱ्यास बांधते. ॲप चालविणाऱ्या व्यापाऱ्याचे काय? त्याच्यासाठी २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्रमुख तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. दंड अडीचशे कोटींपर्यंत! आकडा ऐकून छाती दडपते. मात्र तो जातो सरकारच्या संचित निधीत. ज्याचे गुपित फुटले, त्यास एक छदामही नाही. उलट, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ४३-अ कलमाखाली त्यास भरपाई मागता येई, ते वगळण्याची तरतूद याच कायद्याने केली आहे. २०११ च्या नियमांनी मानसिक आरोग्याच्या माहितीस संवेदनशील म्हणून जी वेगळी वागणूक दिली होती, तीही नव्या कायद्यात नाही. किराणा दुकानातील फोन नंबर आणि आत्महत्येच्या विचारांची कबुली यांस एकच माप लावणे याला आम्ही तरी न्याय म्हणू शकत नाही.

भरपाईचे कलम नव्या कायद्यात घातलेच पाहिजे. उपचारातील टिपणे जाहिरातीसाठी वापरण्यास ग्राहकाची संमती असली तरीही बंदी हवी. रात्री दोन वाजता मदतीसाठी धडपडणारा माणूस बारीक अक्षरांतील अटी वाचून 'मान्य' दाबत नसतो. आणि एक अडचण याहून अवघड आहे. फिर्याद करावयाची तर नाव सांगावे लागते, आणि ज्या लज्जेपायी त्याने पडद्याआड उपचार घेतले, तीच त्याला फिर्यादीपासूनही अडवते. अशा तक्रारी नाव गुप्त ठेवून, बंद दाराआड ऐकण्याची व्यवस्था सरकारने प्रथम करावी.