छतावर सोलर, तरी घरात अंधार?



औंढा नागनाथच्या खेड्यापाड्यांत रात्री लाईट गेली की पहिला खोळंबा होतो तो मुलांच्या अभ्यासाचा. म्हणून सोलर घेणाऱ्या भगिनींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार रुपये अनुदान आहे. त्याने बिल उतरते. परंतु बॅटरी नसलेला संच लाईन गेली की स्वतःही बंद होतो. खांबावरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो.

अंधारासाठी हिशेब वेगळा. ९ वॅटचे ३ एलईडी दिवे व ३० वॅटचे २ बीएलडीसी पंखे ५ तास चालवायला ४३५ वॅट-तास वीज लागते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची इन्व्हर्टर बॅटरी निम्मी वापरली तरी ६०० वॅट-तास देते. ती लाईनवर भरते. लाईन फारच कमी असेल तर २०० वॅटची सोलर प्लेट जोडावी. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे.

वीज स्वस्त व मुबलक मिळावी, हा आग्रह बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४३ सालीच धरला होता. ती मागणी सोडू नये. आणि पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला विचारावे : लाईन गेल्यावर दिवा लागेल काय?