प्रयोगशाळा, कारखाना आणि मुंब्र्याचा भंगारवाला

रमजानमध्ये मगरिबची अजान झाली की राबोडी, मुंब्रा-कौसा, कल्याणचा दूधनाका, सगळीकडच्या मस्जिदींत एकच दृश्य दिसते. पातळ प्लास्टिकच्या गुंडाळीतून दस्तरखान उलगडला जातो. त्यावर खजूर, फळे, भजी आणि सरबताचे प्लास्टिकचे पेले. पंधरा मिनिटांत रोजा सुटतो. मग दोन मुले तो दस्तरखान बिया, साली, पेल्यांसकट गुंडाळतात, काळ्या पिशवीत कोंबतात आणि पिशवी कोपऱ्यावर ठेवतात. पुढचे काम पालिकेच्या गाडीचे. आपला त्या पिशवीशी संबंध संपला, असे समजून आपण नमाजला उभे राहतो.

त्या पिशवीतल्या मालाला बाजारात भाव नाही. पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, पुठ्ठा, पत्रा यांना भंगारवाला पैसे देतो. खरकटे लागलेली पातळ पन्नी, वेफर्सचे चकाकते पाकीट, शाम्पूची पुडी यांना तो हात लावत नाही. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि धातूचा मुलामा एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते वेगळे करण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. एक किलो भरायला अशी शेकडो पाकिटे वेचावी लागतात. म्हणून ती उचलली जात नाहीत. नाल्यात जातात, खाडीत जातात, नाहीतर डंपिंगवर जळतात.

डंपिंगवर जळणे म्हणजे काय, हे आपल्या पट्ट्याला कोणी सांगायची गरज नाही. कल्याणच्या आधारवाडीच्या ढिगाला पुन्हा पुन्हा आगी लागल्या. कचऱ्याची व्यवस्था होत नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीतल्या नव्या बांधकामांना बंदी घातली आणि ती पुढच्या वर्षापर्यंत टिकली. आधारवाडीत कचरा टाकणे थांबायला २०२१ उजाडले. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षे दिव्याला जात होता. धूर दिवा-मुंब्र्याच्या लोकांनी सोसला. ते डंपिंग २०२३ मध्ये बंद झाले, कचरा भंडार्लीला गेला, तिथल्या गावकऱ्यांनी विरोध केला, मग आतकोलीचे नाव पुढे आले. कचऱ्याचा पत्ता बदलत राहिला.

अशा वेळी उद्योग आणि विद्यापीठे एकत्र येऊन या नकोशा कचऱ्यापासून इंधन, तेल, रस्ते किंवा वस्तू बनवणार, आणि तेही ‘कार्बन-न्यूट्रल’ पद्धतीने, असे ऐकले की बरे वाटते. ते नुसते स्वप्नही नाही. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रा. आर. वासुदेवन यांनी प्लास्टिकचे तुकडे तापलेल्या खडीवर वितळवून डांबरी रस्ते करण्याची पद्धत शोधली. २००२ पासून तसे रस्ते झाले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भाभा अणुसंशोधन केंद्रातले डॉ. शरद काळे यांचे ‘निसर्गऋण’ तंत्र ओल्या कचऱ्यापासून गॅस करते. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने रिलायन्स आणि पुण्याच्या काही कंपन्यांना सोबत घेऊन वापरलेल्या पीपीई किटच्या प्लास्टिकपासून वाहनांचे भाग बनवण्याचा प्रयोग यशस्वी केला. डोंबिवलीतल्या नागरिकांनी तर घरोघरचे स्वच्छ, कोरडे प्लास्टिक गोळा करून ते इंधन करणाऱ्या प्रकल्पाकडे पाठवण्याची सवय स्वतःला लावून घेतली.

या सगळ्याचे स्वागत करून तीन प्रश्न विचारायला हवेत. ते विचारण्याचा अधिकार ज्यांनी धूर गिळला त्यांना सर्वांत आधी आहे.

पहिला प्रश्न हिशेबाचा. प्लास्टिक खनिज तेल आणि वायूपासून बनते. एक किलो पॉलिथिन पूर्ण जळाले तर सुमारे ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे दहावीच्या रसायनशास्त्राचे गणित आहे. तेवढीच उष्णता कोळशापासून मिळवली तर साधारण एक तृतीयांश जास्त कार्बन हवेत जातो. म्हणजे कोळशाच्या जागी प्लास्टिक वापरले तर थोडी बचत होते, पण हिशेब शून्यावर येत नाही. प्लास्टिकपासून तेल काढले आणि ते जनरेटरमध्ये जाळले तरी शेवटी तोच कार्बन धुराड्यातून बाहेर पडतो. सुती चिंध्या, कागद, लाकूड यांची गोष्ट निराळी. त्यांचा कार्बन झाडाने काही वर्षांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. भिवंडीच्या यंत्रमागांची सुती चिंधी आणि पॉलिस्टरची चिंधी दिसायला सारखी असली तरी या वहीत त्यांची पाने वेगळी आहेत.

वाहतूकही मोजावी लागते. सुका कचरा सिमेंटच्या भट्टीत जाळणे उघड्यावर जाळण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, कारण भट्टीत तापमान १४०० अंशांच्या वर असते आणि राखही सिमेंटमध्येच मिसळते. पण महाराष्ट्रातले मोठे सिमेंट कारखाने चंद्रपूर-यवतमाळकडे आहेत. कल्याणहून ट्रक आठशे-नऊशे किलोमीटर जाणार असेल तर त्याचे डिझेल कोणाच्या खात्यात लिहायचे? जगात जिथे हा हिशेब गंभीरपणे घेतला गेला, तिथे धुराड्यातून निघणारा कार्बन पकडण्याची यंत्रणा बसवावी लागली. नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ मध्ये अशी यंत्रणा सुरू झाली, वर्षाला सुमारे ४ लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडण्यासाठी. त्यासाठी तिथल्या सरकारने मोठा पैसा ओतला. आपल्याकडे फलकावर ‘कार्बन-न्यूट्रल’ लिहिणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने आपली वही उघडी ठेवावी. विद्यापीठाची भूमिका इथेच आहे. प्राध्यापकाने कंपनीच्या दाव्यावर सही करण्याआधी तो तपासला पाहिजे.

दुसरा प्रश्न माणसांचा. प्लास्टिकपासून तेल काढण्याच्या यंत्राला सगळे प्लास्टिक चालत नाही. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन चालते. पीव्हीसी शिरले तर आम्ल तयार होऊन यंत्र गंजते, बाटल्यांचे पेट गेले तर नळ्या तुंबतात. म्हणजे यंत्र कितीही महाग असले तरी त्याचे यश निवडीवर अवलंबून आहे. ही निवड आज कोण करते? मुंब्रा, शीळफाटा, भिवंडी इथल्या गोदामांत बसलेले स्त्री-पुरुष. पन्नी चुरगळल्यावर होणाऱ्या आवाजावरून, तुकडा जाळल्यावर येणाऱ्या वासावरून ते सांगतात की हा पीपी आहे की एलडी. त्यांच्यात मुसलमान आहेत, दलित आहेत, गावाकडून आलेले भूमिहीन आहेत. त्यांचे ज्ञान कोणत्याही पदविकेत शिकवले जात नाही. करार मात्र होतो कंपनी आणि संस्थेत. दोन खुर्च्या भरतात, तिसरी मांडलीच जात नाही.

याचे परिणाम कागदावरही दिसतात. उत्पादकांनी आपल्या वेष्टनांची जबाबदारी घ्यावी म्हणून २०२२ मध्ये केंद्राने प्रमाणपत्रांची व्यवस्था आणली. बहुथरी वेष्टनांसाठी त्यात वेगळा गट केला. पुढच्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार पुनर्वापर कंपन्यांची सुमारे ६ लाख प्रमाणपत्रे बनावट निघाली. ज्याने खरोखर कचरा वेचला त्याच्याकडे नोंदणी नाही म्हणून तो व्यवस्थेबाहेर, आणि ज्याने वेचलाच नाही त्याच्याकडे प्रमाणपत्र. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना सामावून घेण्याची जबाबदारी पालिकांवर टाकली होती. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने पालिकेशी करार करून ते करून दाखवले. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीला ते अशक्य का असावे?

तिसरा प्रश्न जागेचा. प्रकल्प कुठे बसणार? डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीने मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये स्फोट पाहिले, माणसे गमावली. वाडा तालुक्यातल्या टायरपासून तेल काढणाऱ्या कारखान्यांबद्दल गावकऱ्यांच्या तक्रारी जुन्या आहेत. तंत्र चांगले असले तरी ते चालवणारा हात निष्काळजी असला तर गरीब वस्तीच त्याची किंमत मोजते. म्हणून धुराड्यातल्या मोजमापाचे आकडे रोज फाटकाबाहेर, मराठीत आणि उर्दूत लावले जावेत. जागा ठरवण्याआधी जनसुनावणी व्हावी. स्वच्छ हवा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्यासाठी संविधानाचा अनुच्छेद २१ पुरेसा आहे, कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. घर भाड्याने मिळत नाही, मुलांना नोकरी मिळत नाही, अशा वेळी कचऱ्याचे काय घेऊन बसलात, असे आपल्यातले अनेकजण म्हणतात. पण भंगार हा आपल्या हजारो घरांचा चुलीचा प्रश्न आहे. उद्या मोठी यंत्रे आली आणि माल थेट त्यांच्याकडे गेला तर पहिली चूल याच घरांची विझेल. दुसरीकडे, आपल्याच गोदामांत तांब्यासाठी रात्री वायर जाळल्या जातात, हातमोजे दिले जात नाहीत, शाळेच्या वयाची पोरे माल निवडतात. मजुराची मजुरी अडवू नये, ही शिकवण आपण जुम्म्याच्या खुत्ब्यात ऐकतो आणि सोमवारी गोदामात विसरतो. आपल्या लोकांना तिसरी खुर्ची मागायची असेल तर आधी आपली गोदामे तपासणीला उघडी ठेवावी लागतील.

आणि मागायचे फक्त सरकारकडेच कशाला? अंजुमन-ए-इस्लामसारखी १८७४ पासूनची संस्था आपल्याकडे आहे. तिचे साबू सिद्दीक अभियांत्रिकी महाविद्यालय भायखळ्यात आहे, काळसेकर तंत्रसंकुल नवीन पनवेलला आहे. मुंबई विद्यापीठाचे केंद्र ठाण्यात आहे, कल्याणात आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी इंटरनेटवरून विषय उतरवण्याऐवजी मुंब्र्याच्या एका गोदामात सहा महिने घालवावेत. तिथे रोज कोणता माल येतो, त्यातला किती फेकला जातो, त्यात पॉलिथिन किती आणि पीव्हीसी किती, एवढे वजन करून लिहिले तरी आज कोणाकडे नसलेली माहिती तयार होईल. तिच्या जोरावर गोदाममालक आणि कामगारांची सहकारी संस्था एखाद्या कंपनीशी दराची बोलणी करू शकेल. उद्योग आणि शिक्षणसंस्थांचे सहकार्य म्हणतात ते इथूनही सुरू होऊ शकते.

काही कामे तर उद्या सकाळी करता येतील. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत २०२४ पासून कचरावेचकांचाही समावेश आहे. त्यांची नोंदणी करून घेण्यासाठी मोहल्ल्यातल्या तरुणांनी पालिकेच्या कार्यालयात त्यांच्यासोबत जावे. दोन्ही महापालिकांना पत्र लिहून विचारावे की कचऱ्यावरच्या पुढच्या प्रत्येक करारात वेचकांचा प्रतिनिधी असेल का. आणि मस्जिदीच्या विश्वस्तांनी पुढच्या रमजानसाठी धुता येणारे दस्तरखान आणि स्टीलचे पेले घ्यावेत. ते धुवायला हात लागतील, पाणीही लागेल. पण इसराफ टाळण्याचा उपदेश मिंबरवरून करायचा आणि त्याच मस्जिदीच्या दारातून रोज संध्याकाळी काळ्या पिशव्या बाहेर काढायच्या, हे बरे दिसत नाही. जो कचरा तयारच झाला नाही, त्याच्या कार्बनचा हिशेब कोणालाच मांडावा लागत नाही.