एकाच माळेचे मणी?

परवा शनिवारी पाबळला गेलो होतो. मस्तानीची कबर बघायला, दुसरं काय! तिथे आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणाला, "निजामशाही काय, मोगल काय, सगळे एकाच माळेचे मणी!" येताना गाडीत जोरदार वाद झाला, पण मला नीट बोलता आलं नाही. म्हणून हा प्रपंच.

पाबळ जुन्नर आणि नगरच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे ऐन निजामशाही मुलखात. त्या नगरच्या दरबारात 1522 मध्ये शाह ताहिर नावाचा इराणी विद्वान आला. इराणचा बादशहा शिया, हाही शिया. तरी जीव घेऊन पळाला, कारण हा निझारी इस्माइली या छोट्या शाखेचा इमाम, आणि वरवर बारा इमाम मानणाऱ्यांपैकी म्हणून वावरत होता. गोव्यामार्गे विजापूरला गेला, तिथे डाळ शिजली नाही. परांड्याला बुऱ्हाण निजामशहाचा सुन्नी गुरू पीर मुहम्मद त्याला भेटला आणि त्याच्याकडे चक्क टॉलेमीचं खगोलशास्त्र शिकायला बसला! त्यानेच राजाकडे शिफारस केली. मग नगरच्या किल्ल्यात शाह ताहिरची व्याख्यानं सुरू झाली, स्वतः राजा ऐकायला बसायचा.

1537 मध्ये राजाने शिया पंथ स्वीकारला. आणि बंड कोणी केलं? त्याच पीर मुहम्मदने! तो पकडला गेला, राजा मारायलाच निघाला होता. रदबदली केली शाह ताहिरने, आणि पुढे कैदेतून सोडवलंही त्यानेच.

शिवाय या राजाचा पेशवा होता कंवरसेन, एक ब्राह्मण. हो, पेशवा! बाजीरावाच्या दोनशे वर्षं आधी.

आता लगेच 'बघा, किती गुण्यागोविंदाने नांदत होते' असंही नको. राजाने पंथ बदलला की मशिदीतला खुत्बा हुकमाने बदलायचा. 1589 मध्ये महदवी पंथाची सत्ता आली, 1591 मध्ये परत शिया. त्यात माणसं भरडली गेलीच.

मित्राचं म्हणणं, "आपसात भांडले, आपल्याला काय त्याचं?" बरं. मग शहाजीराजांनी 1633 नंतर लहान निजामशहाला गादीवर बसवून 1636 पर्यंत मोगलांशी झुंज का दिली? सगळे मणी एकाच माळेचे, तर हा मणी वाचवण्यात त्यांना काय रस होता? शहाजीराजांना जो फरक कळत होता, तो आपल्याला का कळू नये?

आपण रोज ऑफिसात सांगतो की लॉग वाचल्याशिवाय बगचं खापर कोणावर फोडू नका. इतिहासाची वेळ आली की मात्र एकच लेबल, एकच फोल्डर, काम फत्ते. आणि तेच लेबल मग शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसालाही चिकटवतो. माझा राग त्यावर आहे.

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, बारा इमाम कोटला आजही आहे. पुढच्या शनिवारी तिकडे जाऊ. मित्रालाही घेऊन जाणार आहे, पेट्रोल माझं!

असो.