विजेच्या सौद्यातील छुपी दलाली

वीज विकणाऱ्या कंपन्या अनेक झाल्या की दर उतरतील आणि गिऱ्हाईक राजा होईल, असे सांगितले जाते. ब्रिटनने 1999 पर्यंत ही निवड घरोघरी पोहोचविली. पुढे काय झाले ते आपल्या व्यापारी बांधवांनी जाणून घ्यावे.

कंपन्यांचे विक्रेते दारोदार फिरू लागले. सहीमागे कमिशन असल्याने खोटी बचत दाखवून सह्या घेतल्या गेल्या. तक्रारींचा ढीग झाला. ऑफजेम या नियामक संस्थेने 2002 साली लंडन इलेक्ट्रिसिटीला 20 लाख पौंड, तर 2013 साली एसएसईला 1 कोटी 5 लाख पौंड दंड ठोठावला.

दुकानदाराची गोष्ट याहून वेगळी. घरगुती ग्राहकाला करार मोडायला 14 दिवस मिळतात. धंद्याच्या जोडणीला ती सवलत नाही. फोनवर दिलेला होकारही करार ठरू शकतो. शिवाय मधला दलाल आपला हिस्सा युनिटच्या दरात मिसळतो, म्हणजे दुकानदार वर्षानुवर्षे दलाली भरतो आणि त्याला पत्ताही नसतो. ऑक्टोबर 2022 पासून अगदी लहान धंद्यांना ही रक्कम करारात दाखविणे बंधनकारक झाले. तोवर किती पैसा गेला असेल!

आम्ही कापडवाले दलालीला वाईट म्हणत नाही. दलालाशिवाय बाजार चालत नाही. पण दलाली किती आणि कोणाकडून, हे आधी ठरलेले असते. लपविलेली दलाली ही दलाली नव्हे, ती फसवणूक आहे.

आपल्याकडे 2008 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुंबई उपनगरात कंपनी निवडण्याची वाट मोकळी झाली. देशभर अशी निवड आणू पाहणारे 2022 चे विधेयक मंजूर झाले नाही, पण तो विचार संपलेला नाही. महाराष्ट्रात दर वीज नियामक आयोग ठरवितो. म्हणून विक्रेत्याच्या तोंडी दरावर न जाता आयोगाचा दर पाहावा, बोलणे लेखी घ्यावे. तक्रार असल्यास 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे आधी कंपनीचा तक्रार निवारण मंच, मग विद्युत लोकपाल, हा मार्ग खुला आहे.

उद्या निवड वाढणार असेल तर जरूर वाढावी. मात्र लहान दुकानदार व कारागिराला करार मोडण्याची मुदत आणि दलालीचा उघड आकडा आधी मिळावा. नुकसान झाल्यावर केलेला कायदा गेलेला पैसा परत आणत नाही.