खुर्ची न सोडता अभिनय

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्याच्या आरंभीच्या काळात मराठी बातम्या देणाऱ्या स्मिता पाटील जीन्सवरच साडी नेसून कॅमेऱ्यासमोर बसत, हा किस्सा सर्वश्रुत आहे. त्याच पडद्यावर श्याम बेनेगल यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. 1975 मध्ये ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’, त्यानंतर ‘मंथन’. ‘भूमिका’साठी तर राष्ट्रीय पुरस्कार.

बातमी वाचताना भावना आवरायची, भूमिकेत ती मोकळी करायची. चेहरा एकच, शिस्त मात्र उलट. अभिनयाकडे वळताना स्मिता पाटील यांची वृत्तनिवेदिकेची खुर्ची मागे राहिली. आजच्या निवेदकांना ती सोडावी लागत नाही. 2018 मध्ये श्रीदेवी यांच्या निधनानंतर काही वाहिन्यांच्या पडद्यावर चक्क बाथटब अवतरला आणि मृत्यूचा प्रसंग रंगवला गेला. (मालिकेच्या दिग्दर्शकालाही असे करताना संकोच वाटला असता.) मग हेच निवेदक चित्रपटात स्वतःच्या भूमिकेत दिसले, तर प्रेक्षकाला नवल कसले? अडचण वेगळीच आहे. पुराचा खरा इशाराही त्याच चढ्या स्वरात दिला जातो, आणि तो ऐकणारा घर सोडायचे की वाहिनी बदलायची, हे ठरवत बसतो.