प्रात्यक्षिकाची परीक्षा कशी हवी?

एमबीबीएसच्या पारंपरिक प्रात्यक्षिक परीक्षेत अभ्यासाइतकेच नशीबही लागते. एकाच्या वाट्याला नीट माहिती सांगणारा रुग्ण येतो, दुसऱ्याच्या वाट्याला वेदनेने त्रासलेला. एका टेबलावरचे परीक्षक समजून घेतात, दुसऱ्यावरचे पहिल्याच प्रश्नात घाम फोडतात.

यावर उपाय म्हणून स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये 'ओस्की' ही पद्धत मांडली. यात विद्यार्थी ठरावीक मिनिटांनी एका टेबलावरून पुढच्या टेबलावर जातो. कुठे रक्तदाब मोजायचा, कुठे रुग्णाला औषध समजावून सांगायचे. काम सर्वांना तेच आणि गुणांची यादीही तीच. ही परीक्षा ताण देते, पण न्याय्य वाटते, असे विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत सांगितले आहे. त्यांचे म्हणणे रास्त आहे.

मात्र न्याय्य परीक्षा म्हणजे पुरेशी परीक्षा नव्हे. नाव विचारले, परवानगी घेतली, हात धुतले, या प्रत्येकाला गुण असले की काही जण यादीच पाठ करतात. अमेरिकी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चार पायऱ्या सांगितल्या: माहीत असणे, कसे करायचे हे माहीत असणे, करून दाखवणे आणि रोजच्या कामात प्रत्यक्ष करणे. ओस्की तिसऱ्या पायरीपर्यंत पोहोचते. चौथी पायरी दिसते ती वॉर्डातच.

भारतात २०१९ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि लॉगबुकला महत्त्व मिळाले. हेतू चांगला आहे. पण सत्राच्या शेवटी एका बैठकीत सगळ्या सह्या उरकल्या, तर लॉगबुक आणि कोरी वही यांत फरक राहत नाही.

म्हणून दोन्ही हवे. अंतिम गुणांसाठी सर्वांना समान ओस्की असावी. वर्षभर मात्र शिक्षकाने दहा-पंधरा मिनिटे विद्यार्थ्याला रुग्ण तपासताना पाहावे आणि काय चुकले ते तिथेच सांगावे. या निरीक्षणाला गुण जोडू नयेत. गुण आले की विद्यार्थी चूक लपवतो. यासाठी शिक्षकांची रिकामी पदे भरावी लागतील आणि त्यांना वेळ द्यावा लागेल.

उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हाच हात एखाद्या तान्ह्या बाळाला सलाईन लावणार आहे. तेव्हा शेजारी परीक्षक नसेल.